लॅपटॉपचा जीर्णोद्धार

दशरथानें कैकेयीला वर देऊन ठेवले, पण ती काय मागणार हें आधीं विचारून घेतलें नाहीं. पुढल्या सर्व अनर्थाचें मूळ यांतच आहे, असें मी शाळेंत बत्तीस वर्षें मुलांना सांगत आलों. सांगतांना माझा स्वर असा लागे, कीं जणूं मी त्या वेळीं अयोध्येंत असतों तर महाराजांना वेळींच सावध केलें असतें! परंतु २०२४ च्या जून महिन्यांत आमचा धाकटा नातू दहावीच्या वर्गांत जाऊन बसला, आणि मीं त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटलें, "बाळ, नव्वदाच्या वर टक्के आण, तुला पाहिजे तो लॅपटॉप मी घेऊन देईन." पाहिजे तो म्हणजे कोणता, हें मींहि विचारलें नाहीं.

१३ मे २०२५ रोजीं निकाल लागला. बाळाला ब्याण्णव टक्के मिळाले. घरांत पेढे आले, देवापुढें ठेवले गेले, शेजारीं वांटले गेले. संध्याकाळीं बाळ माझ्यासमोर येऊन बसला आणि कांहीं न बोलतां त्यानें एक कागद पुढें केला. त्याचें अक्षर मीं घडविलेलें. त्यामुळें वाचतांना कोठें अडखळावें लागलें नाहीं. रॅम १६ जीबी, ग्राफिक्स कार्ड ६ जीबीचें, एसएसडी १ टीबी. आणि तळाशीं, अधोरेखित केलेली किंमत: सुमारें ऐंशी हजार रुपये.

निवृत्तिवेतनांतून मीं या कामासाठीं रक्कम बाजूला टाकली होती, हें खरें. पण फेब्रुवारींत सौ.च्या गुडघ्याची शस्त्रक्रिया करावी लागली आणि ती रक्कम तिकडे गेली. तें योग्यच झालें. त्याबद्दल मला क्षणभरहि वाईट वाटलें नाहीं. वाईट वाटलें तें याचें, कीं फेब्रुवारीपासून मेपर्यंत मला हें ठाऊक होतें आणि मीं बाळाला तें सांगितलें नाहीं. ऐन परीक्षेंत त्याचें मन उडेल, अशी मीं स्वतःची समजूत घातली. पण परीक्षा मार्चच्या मध्यास संपली. त्यानंतरहि मी गप्पच होतों. मुलाच्या अभ्यासासाठीं मौन पाळणें आणि आपली अडचण झांकणें यांतला भेद मास्तराला कळत नाहीं असें थोडेंच आहे!

आमचें कुटुंब एकत्र आहे. दोन मुलगे, दोन सुना, तीन नातवंडें. बाळाचे वडील येथल्या औद्योगिक वसाहतींत नोकरीस आहेत. थोरल्या मुलाची मुलगी, आमची ताई, पदविका पुरी करून त्याच वर्षीं इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाणार होती. तिची फी भरावयाची होती. अशा वेळीं "मीं शब्द दिला आहे, तुम्ही पैसे काढा" असें मुलांना सांगणें मला शोभलें नसतें. तरीहि एका दुकानांत जाऊन आलों. तेथल्या तरुणानें मोठ्या आदरानें खुर्ची दिली आणि हप्त्यांचें कोष्टक पुढें ठेवलें. ऋण काढून सण करूं नये, हें आमच्या घरांत वडिलांच्या वेळेपासूनचें बंधन. मी चहा पिऊन परत आलों.

एवढा दांडगा लॅपटॉप कशाला पाहिजे, हें मीं अखेर बाळाला विचारलें. म्हणाला, "आजोबा, वुकोंग खेळायचा आहे." 'ब्लॅक मिथ: वुकोंग' नांवाचा हा खेळ चीनमधील 'गेम सायन्स' या मंडळीनें तयार केला आणि तो २० ऑगस्ट २०२४ रोजीं जगभर प्रसिद्ध झाला. त्याचा नायक एक वानर आहे, हातांत सोटा, अंगांत अचाट बळ. सौ. आंतल्या खोलींतून, पाय उशीवर ठेवून, म्हणाली, "मारुतीचा आहे का रे? मग घेऊन द्या त्याला." मारुति नव्हे, पण फार दूरचाहि नव्हे. चीनमध्यें सोळाव्या शतकांत 'पश्चिमेची यात्रा' ही कादंबरी झाली. तींतील हा वानर. आणि ती यात्रा कोणाची, तर ह्यूएनत्संगाची! हें बाळाला ठाऊक नव्हतें. जो यात्रेकरू सातव्या शतकांत पुलकेशीच्या कारकीर्दींत आपल्या महाराष्ट्रांत येऊन गेला, त्याच्याच कथेंतलें हें माकड आहे, असें मीं सांगितलें तेव्हां बाळाचे डोळे विस्फारले. या देशचे लोक उपकारकर्त्याला विसरत नाहींत आणि अपमान करणाऱ्याला सोडीत नाहींत, अशा अर्थाचें त्यानें आपल्याविषयीं लिहून ठेवलें आहे, हेंहि मीं सांगितलें.

"आणि वचन देणाऱ्याला?" बाळानें विचारलें.

तो थट्टेनेंच बोलला असावा. पण त्या क्षणीं मला खरें सांगणें भाग पडलें. गुडघा, रक्कम, फेब्रुवारी, माझें मौन, सर्व कांहीं. बाळानें ऐकून घेतलें, कागदाची घडी घातली, "आजीचा गुडघा महत्त्वाचा" असें अगदीं शहाण्यासारखें म्हटलें आणि तो गच्चीवर निघून गेला. पंधरा वर्षांच्या मुलानें इतकें शहाण्यासारखें बोलूं नये. तो रागावला असता तर मला बरें वाटलें असतें.

मार्ग काढला तो ताईनें. आमच्या फडताळांत एक लॅपटॉप पडून होता. २०१५ सालीं थोरल्यानें कचेरीच्या कामासाठीं घेतलेला; नंतर ताईनें त्यावर पदविकेचीं तीन वर्षें काढलीं. सुरू व्हायला पांच मिनिटें घेई, आणि दहा मिनिटांत असा तापे कीं सूनबाई त्याला 'इस्त्री' म्हणत. भंगारांत द्यावा असा माझा विचार होता. ताई म्हणाली, "आजोबा, आधीं उघडून तर पाहूं. तुमचे घड्याळाचे पेचकस द्या."

घरांतील घड्याळें दुरुस्त करण्याचा मला जुना छंद आहे. त्यामुळें बारीक पेचकसांचा एक संच माझ्याजवळ असतो. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलें, स्क्रू ठेवायला आमटीच्या वाट्या घेतल्या, आणि नात शल्यविशारद व मी परिचारक अशी आमची शस्त्रक्रिया सुरू झाली. झांकण निघाल्यावर प्रथम दृष्टीस पडला तो पंखा. रुपयाएवढा, पण त्याच्या जाळींत दहा वर्षांच्या धुळीची अशी गादी बसली होती कीं वारा जावा कोठून? तापण्याचें अर्धें कारण तेंच. उरलेलें अर्धें प्रोसेसरवर: तेथें उष्णता वाहून नेण्यासाठीं एक लेप लावलेला असतो, तो वाळून खडूसारखा झाला होता. ताईनें तो पुसला, नवा लावला. मग तिनें एका जागीं बोट ठेवलें. "हें पाहा. रॅमच्या खोबणी दोन आहेत. एक रिकामी."

त्या रिकाम्या खोबणीकडे मी किती तरी वेळ पाहत राहिलों. दहा वर्षें हें यंत्र ४ जीबी रॅमवर कुंथत होतें आणि त्याच्याच पोटांत दुसऱ्या पट्टीसाठीं जागा तशीच होती! संस्कृतांत 'अवकाश' म्हणजे नुसतें आकाश नव्हे, कांहीं मावावें म्हणून राखलेली जागाहि. कारखान्यांतल्या कोणा अनामिकानें ती राखली आणि आम्ही कोणी कधीं झांकण उघडून पाहिलें नाहीं.

ताईनें मला यादी दिली: ४ जीबीची रॅमची आणखी एक पट्टी, जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागीं ५०० जीबीची एसएसडी. "मी येतें बरोबर," असें ती म्हणाली होती. पण पन्नास वर्षें घड्याळें उघडणाऱ्या माणसाला एक पट्टी आणतां येऊं नये काय? मी एकटाच गेलों आणि 'डीडीआर-४' घेऊन आलों. ती खोबणींत बसेना. जरा जोर लावणार तोंच ताईनें माझा हात धरला. पट्टीच्या कडेला एक खांच असते. पिढी बदलली कीं खांचेची जागा बदलते, म्हणजे चुकीची पट्टी चुकीच्या घरांत शिरूंच नये. आमच्या यंत्राला 'डीडीआर-३ एल' हवी होती; शेवटचा 'एल' हा कमी दाबाच्या विजेचा. व्याकरणांत एका मात्रेनें अर्थ फिरतो हें मीं जन्मभर शिकविलें आणि येथें एका अक्षरासाठीं पुन्हां कापड बाजारापर्यंत पायपीट केली. दुकानदारानें कुरकुर न करतां पट्टी बदलून दिली. जुन्या पिढीची पट्टी वापरलेलीच मिळाली, पण स्वस्त. सगळें मिळून चार हजारांच्या आंत भागलें. ही जुलै २०२५ मधली गोष्ट; त्याच वर्षाच्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या संगणकगृहांनीं मागणी वाढविली आणि रॅमचे भाव सर्वत्र भडकले, तेव्हां आम्ही वेळेवर सुटलों म्हणायचें.

झांकण लावून बटण दाबलें. मी सवयीनें घड्याळ लावून बसलों होतों. विसाव्या सेकंदाला पडदा तयार! घरांतलीं सारीं माणसें गोळा झालीं. सूनबाई म्हणाल्या, "इस्त्रीची गेली कीं हो ऊब!" मला तर हा आपलाच पराक्रम वाटूं लागला होता. तेवढ्यांत बाळानें हळूच विचारलें, "ताई, आतां वुकोंग चालेल?"

ताई खोटें बोलत नाहीं. ती म्हणाली, "नाहीं."

कारण तिनें नीट समजावून सांगितलें. खेळांतील चित्रें रंगविण्याचें काम ग्राफिक्स कार्डाचें. आमच्या यंत्रांत तें वेगळें नाहींच. प्रोसेसरच्याच पोटांत त्याचा एक कोपरा आहे, आणि त्याला स्वतःची रॅम नसल्यामुळें तो घरच्या रॅममधून उसनी घेतो. दोन पट्ट्या झाल्यामुळें माल दोन वाटांनीं येतो, म्हणून चित्र पूर्वीपेक्षां सुरळीत हलेल. परंतु वुकोंगला १६ जीबी रॅम, त्याशिवाय ६ जीबीचें स्वतंत्र कार्ड आणि डिस्कवर १३० जीबी जागा लागते. रॅम वाढविली, डिस्क बदलली. पण ग्राफिक्सचा भाग मुख्य पाटीला डाख देऊन कायमचा जोडलेला. तो काढतांहि येत नाहीं आणि बदलतांहि येत नाहीं. देवळाचा जीर्णोद्धार करतां येतो, कळस नवा बसवितां येतो. मूर्तीच भंगली तर मात्र तिला डागडुजी नाहीं, तिचें विसर्जनच करावें लागतें. मूर्ति या ठिकाणीं तें ग्राफिक्स.

मंडळी पांगल्यावर मीं बाळाला थांबविलें आणि स्वच्छ सांगितलें, "हा जो दुरुस्त केला तो ताईचा लॅपटॉप. हें माझें वचन नव्हे. तें अद्याप देणें आहे." माझ्या हिशेबाच्या वहींत त्याच रात्रीं 'बाळाचें देणें' असें पान घातलें आणि दरमहा तीन हजार तेथें जमा करावयाचे ठरविलें. बाळ "राहूं द्या हो, आजोबा" म्हणाला, पण पान पाहून गेला.

मग त्यानें दुसरी युक्ति काढली. यंत्राला शोभेल असा खेळ निवडावयाचा! जुने खेळ कमी मागतात. शिवाय पडद्यावरचा झगमगाट मुद्दाम खालच्या पायरीवर आणला, सावल्या काढून टाकल्या, कीं गरीब यंत्रावरहि चालतात. त्यानें निवडला तो 'वर्ल्ड ऑफ टँक्स'. हा रणगाड्यांचा खेळ २०१० साली निघाला. पैसे न देतां खेळतां येतो. गवत जरा खरखरीत दिसे, दूरचीं झाडें एकदम उगवत, पण रणगाडे चालत. सौ.ला तो धडाडधूम आवाज आवडला नाहीं. मींहि आधीं नाक मुरडलें. पण बाळ जीं नांवें घेई तीं ऐकून मी चमकलों. मॅटिल्डा, चर्चिल, व्हॅलेंटाइन, सेंच्युरियन! अरे, हे तर आपल्या गांवांत उभे आहेत!

२०२४ मध्यें आमच्या शहराचें नांव अहिल्यानगर झालें. जिभेला मात्र अजून 'नगर' हेंच वळण आहे. लष्कराचें रणगाडा संग्रहालय येथें १९९४ पासून आहे. शाळेच्या सहली घेऊन मी तेथें किती तरी वेळां गेलों, परंतु माझें सारें लक्ष मुलें मोजण्यांत! ऑगस्टमधल्या एका रविवारीं बाळ, ताई आणि मी रिक्षानें गेलों. पाऊस पडून गेला होता. लोखंडावरून पाणी ठिबकत होतें.

बाळ मला थेट मॅटिल्डापाशीं घेऊन गेला. ठेंगणा, जाड सालीचा, इंग्रजी बनावटीचा रणगाडा. १९४० मध्यें शत्रूच्या नेहमींच्या रणगाडाविरोधी तोफांना त्याची साल फुटत नसे, असा त्याचा दरारा. पण त्याची तोफ लहान, दोन पौंडी. पुढें शत्रूचे रणगाडे जाड झाले तेव्हां इंग्रजांनीं मोठी तोफ बसवावी म्हटलें, तर बसेना. "हें पाहा आजोबा," बाळ म्हणाला, "वरचा घुमट ज्या कड्यावर फिरतो तें कडेंच लहान आहे. मोठी तोफ मावणार कोठें?" दोन-तीन वर्षांत त्याचे दिवस भरले. आणि मग तो मला सेंच्युरियनपाशीं घेऊन गेला. पहिले सेंच्युरियन १९४५ च्या मे महिन्यांत युरोपांत पोंचले, तों तेथलें युद्ध संपलेलें. म्हणजे जन्मतःच बेकार! पण त्याच्या घुमटांत जागा होती. आधीं ७६ मिलिमीटरची तोफ, मग ८४ ची, मग १०५ ची. इस्राएलनें तर त्यांत डिझेल इंजिन घातलें आणि पुढें किती तरी वर्षें तो लढविला. आपल्या सैन्यानें तो १९६५ आणि १९७१ अशा दोन्ही युद्धांत वापरला. १६ डिसेंबर १९७१ रोजीं बसंतरच्या लढाईंत एकवीस वर्षांचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या 'फामागुस्टा' नांवाच्या रणगाड्यांत धारातीर्थीं पडले, तोहि सेंच्युरियनच. आणि तो येथें नगरला, लष्कराच्या रणगाडा केंद्रांत, जतन केलेला आहे.

हें शेवटचें मीं सांगितलें. बाळ गप्प झाला. घरच्या पडद्यावर त्याचा सेंच्युरियन दिवसांतून दहादां जळतो आणि पुढल्या डावांत पुन्हां उभा राहतो. त्यानें ओल्या पोलादावर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाहीं. मीहि त्याला बोलावलें नाहीं.

परततांना रिक्षेंत ताई म्हणाली, "हल्लींचे पातळ लॅपटॉप मॅटिल्डाच कीं रे. कित्येकांत रॅमसुद्धां पाटीलाच जोडून टाकतात. जेवढी घेतली तेवढीच जन्मभर." मला हें अगदींच नवें होतें. मी समजत होतों, नवें तें आपोआप अधिक सोयीचें. आणि येथें दहा वर्षांपूर्वीच्या जाडजूड डब्यांत मोकळी खोबण आणि नव्या नाजूक यंत्राला ती मुळींच नाहीं! सुबकपणासाठीं दुरुस्तीची वाट बंद करावी, हें माझ्यासारख्या घड्याळवाल्याला कांहीं केल्या पटत नाहीं.

आमच्या जुन्या यंत्राची कथाहि येथें संपत नाहीं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्टनें 'विंडोज १०' ची नेहमींची राखण थांबविली. 'विंडोज ११' साठीं इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढला लागतो. आमचा पांचव्या पिढीचा. एक वर्षाच्या वाढीव मुदतींत ताईनें त्याचें नांव घातलें, म्हणून निभावलें. कांहीं नवे खेळ तर यंत्रांत सुरक्षेची एक विशिष्ट सोय नसेल तर उंबरठ्यावरूनच परत पाठवितात. तेव्हां चार हजारांत आम्हीं यंत्राला नवें आयुष्य दिलें असें म्हणण्यापेक्षां, मुदतवाढ मिळविली असें म्हणणें अधिक खरें.

रात्रीं जेवणें आटोपल्यावर बाळ कधीं कधीं त्याच लॅपटॉपवर दुसऱ्या कोणाचा तरी वुकोंगचा खेळ लावतो. स्वतः खेळतां येत नाहीं, पण इतरांचा पाहतां येतो. मी शेजारीं बसतों. डोंगर, धुकें, पडके विहार, बुद्धमूर्ति यांतून तें वानर झेपा घेत जातें. मधून मधून बाळ चित्र थांबवितो आणि "हें खरें आहे का, आजोबा?" असें विचारतो, मी मला ठाऊक असेल तेवढें सांगतों. एकदां त्यानें विचारलें, "ह्यूएनत्संगाला परत जायला किती वर्षें लागलीं?" मीं सांगितलें, जाऊन येऊन सोळा-सतरा. बाळानें वहींतल्या पानाचा हिशेब मनांतल्या मनांत केला असावा, कारण तो हंसला आणि म्हणाला, "मग आपलें लवकर आहे."

परवां आम्ही दोघे मुद्दाम त्या पूर्वीच्याच दुकानांत गेलों होतों. घ्यावयास नव्हे, नुसतें पाहून ठेवावयास. त्या तरुणानें पुन्हां खुर्ची दिली, हप्त्यांचें कोष्टक काढलें आणि एक चकचकीत, बोटभर जाडीचा लॅपटॉप पुढें ठेवून त्याचा रंग, वजन, पडदा यांचें वर्णन सुरू केलें. बाळानें तें शांतपणें ऐकून घेतलें. मग विचारलें, "याची रॅम काढतां येते का? आणि आंत दुसरी खोबण आहे का?"

तरुणानें एकदां माझ्याकडे, एकदां बाळाकडे पाहिलें, लॅपटॉप उलटा केला आणि तो त्याचे स्क्रू शोधूं लागला.